आधी आपले ताट

शाळेत पालकसभा असली की एक तक्रार हटकून ऐकू येते. "गुरुजी, आमच्या पोराला तुम्हीच काही तरी सांगा बघा. घरात धड काही खातच नाही. भाजी पुढे केली की नाक मुरडतो. भाकरी नको, वरण नको. दुकानातली पाकिटं आणा, ती मात्र लगेच फस्त!" आई असे सांगत असते, वडील शेजारी मान डोलावीत असतात आणि तेरा-चौदा वर्षांचा तो मुलगा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभा असतो. गुरुजी त्याला दोन शब्द सुनावतात. तोही "हो, हो" म्हणतो. दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न!

मंडळी, आज आपण ह्या तक्रारीचाच विचार करणार आहोत. पण थोडा उलट्या बाजूने. मुलाच्या ताटात काय पडते हे पाहण्याआधी आपल्या स्वतःच्या ताटाकडे एकदा पाहू या. आपण केव्हा जेवतो, कुणाबरोबर जेवतो, दिवसातून चहा किती घेतो, बाजारातून येताना पिशवीतून काय आणतो, रात्री किती वाजता आडवे होतो, ह्या वरवर पाहता मोठ्या माणसांच्या गोष्टी. त्यांत मुलांचा काय संबंध, असे आपल्याला वाटते. पण घरातले वाढते मूल हे सारे रोज पाहत असते आणि पाहता पाहता उचलत असते. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

प्रथम हे वय कसले आहे ते नीट समजून घेऊ. साधारण दहाव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंतचा काळ म्हणजे किशोरवय. अगदी तान्हेपण सोडले तर शरीर इतक्या झपाट्याने पुन्हा कधी वाढत नाही. जूनमध्ये शिवलेली विजार दिवाळीला घोट्याच्या वर जाते, हे आपण सगळेच पाहतो. ह्या वर्षांत हाडे लांबतात, भरतात. पुढे जन्मभर पुरवायचा कॅल्शियमचा साठा त्यांत ह्याच वेळी पडतो. अंगातले रक्त वाढते, आणि रक्त वाढायचे तर लोह हवे. मुलींना पाळी सुरू झाली की दर महिन्याला काही लोह शरीराबाहेरही जाते. म्हणजे एकीकडे गरज वाढलेली आणि दुसरीकडे गळती चालू. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. ज्वारी पोटरीत आली असताना पाण्याचा ताण पडला, तर पुढे कितीही पाणी द्या, कणीस भरायचे तेवढेच भरते.

ही नुसती भीती नव्हे. केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ ह्या काळात देशभरातल्या मुलांच्या पोषणाची मोठी पाहणी केली. तीत दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी शंभरात ४० जणींना आणि मुलांपैकी शंभरात १८ जणांना रक्तक्षय, म्हणजे अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. ह्या वयाच्या जवळजवळ चौघांमागे एक जण वयाच्या मानाने फार हडकुळा निघाला. आणि शंभरात पाच जण वजनाने जास्तीही होते. म्हणजे एका बाजूला अपुरे खाणे आणि दुसऱ्या बाजूला नको ते खाणे, अशी दोन्ही दुखणी एकाच देशात, कित्येकदा एकाच गावात नांदत आहेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. सरकारी आणि अनुदानित शाळांत दुपारचे जेवण मिळते ते पहिली ते आठवीपर्यंत. नववीच्या वर्गात पाऊल टाकले की ते थांबते. मुलाचे वय तेव्हा चौदा. नेमकी भूक वाढायला लागते तेव्हाच शाळेचे ताट संपते, आणि मूल घरच्या ताटावर व शाळेच्या फाटकासमोरच्या गाड्यावर येऊन पडते. त्या वेळी घरचे ताट कसे आहे, ह्याला म्हणून फार महत्त्व आहे.

आता सवय आईबापांकडून मुलाकडे जाते ती कशी? तिच्या वाटा तीन.

पहिली वाट डोळ्यांची. १९६१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी काही लहान मुलांसमोर एका मोठ्या माणसाला हवा भरलेल्या बाहुल्याला ठोसे मारायला लावले. मुलांना कुणी काही शिकवले नाही, मार असे सांगितले नाही. पुढे ती मुले त्या बाहुल्याजवळ गेली तेव्हा त्यांनीही त्याच तऱ्हेने ठोसे लगावले; कित्येकांनी त्या माणसाचे शब्दसुद्धा जसेच्या तसे उच्चारले. ज्या मुलांनी शांत माणूस पाहिला होता, ती बरीचशी शांत राहिली. हा प्रयोग मारामारीचा होता, जेवणाचा नव्हे. पण त्यातला बोध आपल्या ओट्यापर्यंत येतो. "भाजी खा" हे मुलाने हजार वेळा ऐकलेले असते. पण बाबांनी ताटातली पालेभाजी बोटाने बाजूला सारून भाताला हात घातला, हेही त्याने तितक्याच वेळा पाहिलेले असते. दोहोंपैकी त्याला खरे काय वाटेल?

दुसरी वाट घरातल्या डब्यांची. जे घरात असते ते खाल्ले जाते, हा साधा नियम. आठवडी बाजाराहून येताना वडील खाऊ आणतात. हा खाऊ शब्द फार गोड आहे. पूर्वी त्या शब्दात शेंगा, फुटाणे, चुरमुरे, बोरे, पेरू असे. आज त्यात पाच-दहा रुपयांची चकचकीत पाकिटे आली आहेत. वडिलांच्या पिशवीतून जे निघते, त्याला मुलाच्या मनात मायेची चव असते. त्यामुळे आपण नुसते तेल-मिठाचे वेफर घरी आणत नाही. हीच मायेची वस्तू, असा धडाही त्याच्याबरोबर आणतो. मग मूल हातात पैसे आल्यावर दुसरे काय घेणार?

तिसरी वाट वेळेची आणि संगतीची. जेवण ठरल्या वेळी होते की ज्याला जेव्हा सवड मिळेल तेव्हा? सगळे एकत्र बसतात की एक जण बाजेवर, एक दूरदर्शनसमोर आणि एक मोबाइल घेऊन कोपऱ्यात? ह्या प्रश्नांकडे आपण जरा सविस्तर वळू.

कोणत्या शिक्षकाने प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन खाली बसलेली मुलगी पाहिलेली नाही? तिला सावलीत नेतात, तोंडावर पाणी मारतात आणि विचारतात, "सकाळी काय खाल्लंस?" उत्तर ठरलेले: "चहा, बाई." फार तर चहाबरोबर बटर, खारी किंवा अर्धी चपाती. आपण म्हणतो, पोरगी निष्काळजी आहे. पण अशा मुलीच्या सकाळीपासून मागे मागे चालत जा. वाट तिच्या घरात जाते.

आदल्या रात्रीची मालिका संपायला साडेनऊ-दहा झाले. जेवण त्यानंतर, किंवा तिच्यासमोर. वडील एका हाताने घास घेत दुसऱ्या हाताने मोबाइल चाळत होते. अंथरुणाला पाठ लागायला अकरा वाजले, आणि मोबाइल उशाशी होताच. ह्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, मिळाली सहा. पहाटे उठल्यावर पोट जड, डोळे चुरचुरणारे. भूक लागणार कोठून? चुलीवर पहिले पातेले चढले ते चहाचे. आई चहावर निघाली रानात, बाबा चहावर निघाले कामावर. मुलगीही चहावर निघाली शाळेला. तिने वेगळे केले तरी काय? घराची जी रीत, तीच तिने पाळली.

चहाबद्दल दोन शब्द इथेच सांगतो. सांगणारा मीही चहाबाजच आहे, तेव्हा चहा सोडा असे म्हणायची माझी छाती नाही. पण चहात जो तुरटपणा असतो, ती द्रव्ये भाकरी-भाजीतल्या लोहाला धरून बसतात आणि त्याला रक्तात शिरू देत नाहीत. बाजरीची भाकरी लोहाने चांगली, मेथी चांगली, मटकी चांगली. पण त्यांच्यावर लगेच कपभर चहा ओतला की त्यातले बरेचसे लोह वाया जाते. म्हणून जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा नको, असे आहारशास्त्र सांगते. उलट लिंबाची फोड, आवळा, पेरू ह्यांतले 'क' जीवनसत्त्व त्याच लोहाला आत शिरायला मदत करते. भाकरीबरोबर लिंबू पिळलेली मटकीची उसळ आणि भाकरीबरोबर चहा, ह्या दोहोंचा खर्च फारसा वेगळा नाही. रक्ताचा हिशेब मात्र फार वेगळा आहे.

कष्टाच्या घरांत चहाचे आणखी एक काम असते. तो भूक मारतो. सकाळची मिश्री, दुपारची तंबाखूची चिमूट हेही तेच काम करतात. "आज नुसत्या चहावर दिवस काढला," असे आपण थोड्या अभिमानानेच सांगतो. शेजारी बसलेले मूल त्यातून एवढेच शिकते, की भूक ही मारायची वस्तू आहे.

आता मी ज्या गोष्टीकडे येत आहे, ती सांगताना थोडा संकोच वाटतो. पण सांगितलीच पाहिजे. आपल्या पुष्कळ घरांत पहिली पंगत पुरुषांची आणि मुलांची, आणि शेवटची आईची. भांड्याच्या बुडाशी राहिलेले कालवण, सकाळच्या भाकरीचा चतकोर, ह्यावर तिचे भागते. कुणी विचारलेच तर म्हणते, "मला काय, काहीही चालतं." हे आपण मायेचे, त्यागाचे लक्षण मानतो, आणि ते आहेही. पण ह्याचा दुसरा अर्थ कोण शिकते ते पाहा.

मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत मुलांच्या पंगतीत बसते. तिला न्हाण येते, ती बारा-तेरा वर्षांची होते, आणि घरातले कुणी तरी सहज म्हणते, "आता मोठी झालीस, वाढायला घे." त्या दिवसापासून ती पहिल्या पंगतीतून उठून शेवटच्या पंगतीत आईशेजारी येते. म्हणजे ज्या वर्षी तिच्या अंगाला सगळ्यांत जास्त लोह, जास्त दूध, जास्त डाळ हवी, त्याच वर्षी तिच्या वाट्याला उरलेसुरले येऊ लागते. तिला कुणी उपाशी ठेवलेले नसते. कुणी दुष्टपणा केलेला नसतो. आई जेवते तशी ती जेवू लागते, इतकेच. पुढे आईप्रमाणे तीही म्हणू लागते, "मला काहीही चालतं." पाहणीतल्या त्या शंभरातल्या ४० मुली सगळ्या याच वाटेने आल्या असे मी म्हणत नाही, पाळी, जंत, गरिबी अशी इतर कारणेही आहेतच. पण ही वाट आपल्या घरातून जाते आणि ती बंद करणे आपल्या हातात आहे.

मुलगाही काही तरी शिकतो. ताट आपल्यापुढे येते, गरम भाकरी पहिली आपल्याला मिळते, आईने खाल्ले की नाही हे विचारायचे नसते, हे तो वडिलांकडे पाहून शिकतो. आणखी वीस वर्षांनी त्याच्या घरातही तीच पंगत बसते.

उपवासांचेही असेच. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याचा. त्यात मी पडत नाही. पण आई सोमवार धरते, गुरुवार धरते, चतुर्थी धरते म्हणून चौदा वर्षांची मुलगीही धरू लागली, आणि तो दिवस दोन कप चहा व बशीभर साबुदाण्यावर गेला, तर ध्यानात ठेवा की साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता पिठूळ भाग. त्यात प्रथिने नाहीत म्हटले तरी चालेल. उपवास करायचाच असेल तर राजगिरा, शेंगदाणे, दूध, ताक, रताळे, एखादे फळ हे उपवासालाच चालणारे पदार्थ आहेत. ते पानात हवेत.

आता भाजीकडे या. आपल्या भाषेतच एक गंमत आहे. भाजीला, चटणीला आपण काय म्हणतो? तोंडी लावणे! म्हणजे मुख्य जेवण भाकरीचे किंवा भाताचे; भाजी नुसती तोंडाला लावायची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराच्या नव्या सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत मोठ्या माणसाच्या एका दिवसाच्या नमुना ताटात सगळ्या तऱ्हेच्या मिळून ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे आणि ३०० मिलिलिटर दूध धरले आहे. शिवाय डाळ-कडधान्ये आणि शेंगदाण्यासारखा दाणा. चारशे ग्रॅम भाजी म्हणजे तोंडी लावणे नव्हे. ती पोटभरीची झाली. वडिलांच्या ताटात भाजीची वाटी जर अंगठ्याएवढी असेल, तर मुलाच्या ताटात ती भरून कशी येणार?

पुष्कळ आया म्हणतात, "करून पाहिलं हो, पण खात नाही." किती वेळा केले? एक-दोनदा. नवी चव जिभेच्या ओळखीची व्हायला दहा-पंधरा वेळाही लागतात, असे ह्या विषयाचे अभ्यासक सांगतात. आणि त्या प्रत्येक वेळी जबरदस्ती नको. पानात थोडीशी वाढावी, आपण स्वतः चवीने खावी, आणि गप्प बसावे. गप्प बसणे, हेच आपल्याला सर्वांत कठीण जाते!

याच्या उलट टोकालाही जाऊ नये. काही पालक जागे होतात ते एकदम दांडकेच हातात घेतात. "उद्यापासून पाकीट बंद! घरात दिसलं तर याद राख!" १९९९ साली अमेरिकेत जेनिफर फिशर आणि लीन बर्च ह्या दोघी संशोधकांनी लहान मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलांच्या डोळ्यांसमोर खाऊ ठेवून त्याला हात लावायला काही काळ बंदी केली. परिणाम काय झाला? मुले त्याच खाऊबद्दल जास्त बोलू लागली, त्याचीच मागणी करू लागली. बंदीने वस्तूची गोडी वाढली. मग किशोरवयात, जेव्हा मोठ्यांचे न ऐकणे हाच एक पराक्रम वाटतो, तेव्हा काय होईल ते सांगायला नको. शिवाय बाबा स्वतः नाक्यावर भजी खाऊन, गोड शीतपेयाची बाटली रिचवून घरी येतात आणि मुलाला बंदीचा हुकूम देतात, तर तो हुकूम दारातच मरतो. त्या तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत साधारणपणे तीस ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. चहात कुणी इतकी घातली तर आपण कप परत करू. म्हणून बंदी घालायची तर घराला घालावी, एकट्या मुलाला नव्हे. वस्तू रोज घरात येतच नाही, सणावारी आली तर सगळे मिळून खातात, हा नियम मुलाला पटतो. त्यात त्याला शिक्षा दिसत नाही.

एकत्र जेवण्याचा काही उपयोग असतो का? अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९९८-९९ मध्ये शाळकरी मुलामुलींच्या खाण्याची मोठी पाहणी सुरू झाली. ४,७४६ विद्यार्थ्यांची माहिती घेतली. जी मुले घरच्यांबरोबर जास्त वेळा जेवत होती, ती फळे, भाज्या आणि दुधासारखे कॅल्शियमचे पदार्थ जास्त खात होती आणि शीतपेये कमी पीत होती, असे तीत दिसून आले. इथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. एकत्र जेवल्यामुळेच हे घडले, असे ह्या पाहणीवरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. ज्या घरी सगळ्यांना एकत्र बसायची फुरसत असते, त्या घरची परिस्थितीही कदाचित बरी असेल. पण एकत्र बसण्यात तोटा तर नाहीच. आणि त्यात एक फायदा असा आहे, जो मोजायला पाहणी लागत नाही: सगळे एका वेळी बसले की कुणाच्या पानात काय पडले, आणि कुणाच्या पानात काय पडले नाही, हे सगळ्यांना दिसते.

इथे कुणी म्हणेल, "हे सगळं ठीक आहे हो, पण आम्हाला सवड कुठाय?" हा आक्षेप खरा आहे. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून सहा वाजता घरी येणाऱ्या आईला चौरस आहाराचे पाठ देणे शोभत नाही. ऊसतोडीला गेलेले कुटुंब सहा-सहा महिने कोपीत राहते; तिथे चूल कुठली आणि पंगत कुठली? बाजारात भाजी कधी दहाला पेंडी, कधी तीसला. मित्रांचा ओढा आहे, शाळेसमोरचा गाडा आहे, पडद्यावरच्या जाहिराती आहेत. मुलाच्या खाण्याचा सगळा दोष आईबापांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल; आणि एकट्या आईच्या माथी मारणे तर फारच अन्यायाचे. म्हणून ज्यांना पैसा लागत नाही, किंवा अगदी थोडा लागतो, अशाच काही गोष्टी सांगतो.

एक: दिवसातले एक जेवण, बहुधा रात्रीचे, सगळ्यांनी एकदम घ्यावे. आईसकट! पातेली मध्ये ठेवावीत, ज्याने त्याने वाढून घ्यावे. शेवटची भाकरी थापून होईपर्यंत इतरांनी पाच मिनिटे थांबले तर काही बिघडत नाही. तेवढ्या वेळात मुलाने कांदा चिरावा, मुलीप्रमाणेच पाणी घ्यावे. स्वतः निवडलेली भाजी मूल लवकर खाते.

दोन: जेवताना दूरदर्शन आणि मोबाइल बंद. आधी वडिलांचा, मग मुलाचा. ही क्रमवारी उलटी केली तर उपयोग होणार नाही.

तीन: जेवण आठाच्या सुमारास, झोप दहाच्या आत. सकाळी भूक आपोआप लागेल. चहाच्या आधी भाकरी-दूध, शेंगदाण्याची चटणी-भाकरी, नाचणीची आंबील, असे काही तरी पोटात जाऊ द्या. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. ज्या घरात दूध परवडत नाही, तिथे तिचा मोठा आधार. चहा त्यानंतर तासाभराने.

चार: रोजच्या पाच रुपयांच्या पाकिटाचे महिन्याला दीडशे होतात. एवढ्या पैशांत किलोच्या आसपास शेंगदाणे येतात. भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा, फुटाणे, मोड आलेली मटकी, ह्यांचा एक डबा मुलांच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवा. आणि येता-जाता आपणही त्याच डब्यात हात घाला.

पाच: माळ्यावर टाकलेली लोखंडी कढई आणि तवा खाली काढा. लोखंडी भांड्यात शिजवलेल्या भाजीत थोडे लोह उतरते. आजीला हे कुणी शिकवले नव्हते. पण ती करीत होती.

सहा: मुलाच्या अंगावरून बोलू नका. "जाडी झालीस", "काडी पहिलवान" असे चारचौघांत म्हटले की मूल ताट चोरायला लागते. आणि आई स्वतःच दिवसरात्र "मी जाड दिसते, जेवण सोडते" असे म्हणू लागली, की मुलगीही तेच करते.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी दोन शब्द. पालकसभेत फक्त आईला बोलावू नका. वडिलांनाही बोलवा, कारण बाजाराची पिशवी बहुतेक त्यांच्याच हातात असते. मुलाच्या डब्याची वर्गात चेष्टा होऊ देऊ नका. भाकरी-चटणीचा डबा लपवावा लागला की मूल विकतच्या पाकिटाकडे वळते. शाळेच्या परसबागेतला शेवगा, लिंबू, पालक मुलांनी लावावा आणि मुलांनीच खावा. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी आठवड्याला एक लोहाची निळी गोळी देण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. ती गोळी उपाशीपोटी देऊ नये, जेवणानंतर द्यावी. तिने शौचाला काळसर होते, क्वचित मळमळते. त्यात घाबरण्यासारखे नसते, हे घरी आधी कळवावे. नाही तर आई म्हणते, "गोळ्याबिळ्या खाऊ नको गं," आणि गोळी कुंपणापलीकडे जाते. इथेही पाहा, गोळी शाळेची असली तरी शब्द घरचाच चालतो.

आणि एक छोटासा गृहपाठ देऊन पाहा. मुलांना आठवडाभर एवढेच लिहून आणायला सांगा: आमच्या घरी कोण किती वाजता जेवले आणि सगळ्यांत शेवटी कोण जेवले. कागदावर नाव घालायचे नाही. त्यावर भाषण करायचीही गरज नाही. मुले ते कागद लिहितानाच बरेच काही पाहतील.

मंडळी, मूल वाढवणे म्हणजे नुसते मुलाला सांगणे नव्हे, हे आपण सगळे जाणतो, विसरतो एवढेच. आज रात्री जेवायला बसाल तेव्हा मुलाच्या ताटाकडे पाहू नका. आपले पान पाहा. त्यात भाजी किती आहे ते पाहा. मग चुलीकडे पाहा. तिथे अजून कुणी भाकरी थापीत असेल, तर तिला हाक मारा आणि जरा सरकून तिच्यापुरती जागा करा. पुढचे शिक्षण मुले आपले आपण घेतील.